रेडिएटरात बोअरचं पाणी ओतू नका

जरा कडक लिहितोय, राग मानू नका.

भाजी घेऊन पनवेलहून वाशी मार्केटला निघालो की कळंबोलीच्या ट्रॅफिकमध्ये माझ्या जुन्या ओम्नीचा काटा वर चढायचा. मेकॅनिक म्हणाला, "काका, थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडे थंडी कुठंय?" काढला. काटा चढायचा तो चढायचाच, वर पेट्रोल जास्त! अहो, गाडी पळताना थंड अन् थांबली की गरम, म्हणजे आधी पंखा बघायचा. पंख्याच्या वायरीचं सॉकेट जळालं होतं, बस्स.

खोपोलीच्या पुढं घाटात तापत असेल तर बहुतेक रेडिएटर चोंदलाय. चोंदवला कुणी? आपणच. बोअरच्या क्षारांनी ठिबक बंद पडतं म्हणून ॲसिड सोडतो, अन् तेच पाणी बादलीनं रेडिएटरात! डिस्टिल्ड वॉटर नि कूलंट निम्मंनिम्म घाला. गळती नसताना पाणी कमी होतंय, आत बुडबुडे दिसतात, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. अन् इंजिन गरम असताना झाकणाला हात लावू नका, तो कुकरच आहे.

थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात तापवून बघितला, उकळी यायच्या आत उघडला. चांगलाच होता. परत बसवलाय.