सिझेरियन का वाढतंय? बांद्यात अर्धं उत्तर ऑपरेशन थिएटरपर्यंतच्या अंतरात आहे

देशात 2005-06 मध्ये 8.5 टक्के बाळंतपणं सिझेरियननं होत होती. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण 21.5 टक्क्यांवर पोहोचलं. महाराष्ट्रात ते 25.4 टक्के आहे, तर शेजारच्या गोव्यात तब्बल 39.5 टक्के.

या दोन राज्यांच्या सीमेवरच्या बांद्यात मात्र ‘सिझेरियन एवढी का होतात?’ या एकाच प्रश्नानं भागत नाही. ‘रात्री दोन वाजता गरज पडली तर ते कुठे होईल?’ हा प्रश्नही तितकाच मोठा आहे. दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

किती सिझेरियन ‘योग्य’?

वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, बाळ आडवं असेल, नाळ आधी बाहेर आली किंवा बाळाचे ठोके घसरत असतील, तर सिझेरियन जीव वाचवतं. तिथे वाद नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये स्पष्ट केलं, की लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण 10 टक्क्यांपर्यंत वाढताना माता आणि नवजात मृत्यू कमी होतात. त्यापुढे प्रमाण वाढलं तरी मृत्यू आणखी घटल्याचं दिसत नाही. त्याच वेळी संघटनेनं हेही सांगितलं, की ठरावीक आकडा गाठण्यापेक्षा गरज असलेल्या प्रत्येक बाईला सिझेरियन मिळणं महत्त्वाचं.

सरकारी आणि खासगीत एवढा फरक का?

याच सर्वेक्षणानुसार देशातल्या सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के, तर खासगीत 47.4 टक्के प्रसूती सिझेरियननं झाल्या. म्हणजे खासगीत जवळपास दर दुसरी.

‘पैशासाठी करतात’ हे सोपं उत्तर झालं, पण ते अपुरं आहे. सिझेरियनचं बिल मोठं असतं, हे खरंच. पण छोट्या प्रसूतिगृहात बहुतेकदा एकच स्त्रीरोगतज्ज्ञ असतो आणि भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो. बारा-पंधरा तास कळांवर लक्ष ठेवायला पुरेशा प्रशिक्षित परिचारिका नसतात. काही बिघडलं तर नातेवाईकांचा रोष डॉक्टरवरच येतो. अशा ठिकाणी दिवसाउजेडी, सगळे हाताशी असताना केलेलं सिझेरियन डॉक्टरलाही सुरक्षित वाटतं आणि घरच्यांनाही.

बांद्याचं गणित वेगळं कसं?

प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी प्रसूती होते, सिझेरियन नाही. त्यासाठी सर्जन, भूलतज्ज्ञ, रक्त आणि थिएटर एकाच वेळी तयार लागतं. बांद्याहून ते शोधत सावंतवाडी, ओरोस किंवा पत्रादेवी ओलांडून म्हापसा-बांबोळी गाठावं लागतं. गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयानं 2018 मध्ये परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात आंदोलन पेटलं ते याचमुळे. जिल्ह्यात तज्ज्ञ डॉक्टरांच्या रिक्त पदांचा विषयही जुनाच आहे.

मग घरचे काय करतात? ‘ऐनवेळी धावपळ नको’ म्हणून आधीच तारीख घेऊन मोकळे होतात. हा हट्ट नाही, सुविधा नसल्यावर काढलेला मार्ग आहे. जिथे तातडीचं सिझेरियन भरवशानं मिळत नाही, तिथे अनावश्यक सिझेरियनही वाढतात.

पहिल्या सिझेरियनवर एवढा भर का?

कारण ते पुढच्या बाळंतपणाचा रस्ता ठरवतं. एका सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला, तर योग्य निवड केलेल्या 60 ते 80 टक्के स्त्रियांना ती जमते. पण जुनी शिवण उसवण्याचा थोडा धोका असल्यानं थिएटर शेजारीच सज्ज लागतं. ते नसेल तर दुसरंही सिझेरियन जवळपास ठरलेलं. शिवाय प्रत्येक सिझेरियनबरोबर पुढच्या वेळी वार गर्भाशयाला खोल चिकटून मोठा रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

डॉक्टरांना काय विचारावं?

सातव्या-आठव्या महिन्यातच विचारावं: इथे रात्री भूलतज्ज्ञ मिळतो का? रक्ताची सोय कुठे? पहिलटकरणींपैकी किती जणींचं सिझेरियन होतं?

‘नाळ गळ्याभोवती आहे’ एवढ्यानं घाबरू नये. बऱ्याच बाळांत ते आढळतं आणि तेवढंच कारण सिझेरियनला पुरेसं नसतं. ‘तासाला एक सेंटिमीटर तोंड उघडत नाही’ हेही एकटं कारण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये सांगितलं आहे. मात्र ठोके घसरल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

कळांच्या काळात सोबतीला विश्वासाची बाई असेल, तर सिझेरियनची शक्यता कमी होते, हे अभ्यासांत दिसलं आहे. सरकारी रुग्णालयांत अशी सोबत ठेवायला केंद्रानं 2016 मध्येच मुभा दिली आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी रुग्णालयातलं सिझेरियन, औषधं आणि वाहतूक मोफत आहे.

मग करायचं काय?

केवळ टक्केवारी लावून डॉक्टरांना दोषी ठरवणं चुकीचं ठरेल. मोठ्या रुग्णालयात अवघड केसेस येतात, तिथे प्रमाण जास्तच दिसणार. यावर उपाय आहे: रॉबसन वर्गीकरण. 2001 मध्ये मांडलेली ही पद्धत बाळंतिणींचे 10 गट करते आणि सारख्याची तुलना सारख्याशी करते.

पहिलटकरीण, दिवस पूर्ण भरलेले, बाळाचं डोकं खाली, कळा आपोआप सुरू झालेल्या. या एका गटातलं सिझेरियनचं प्रमाण प्रत्येक रुग्णालयानं, सरकारी असो वा खासगी, दर्शनी भागात लावावं. नाव-गाव काही उघड होत नाही, खर्चही नाही.

आणि सरकारनं दुसरा फलक लावावा: जवळच्या सरकारी रुग्णालयात आज रात्री स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ हजर आहेत की नाहीत. पहिला फलक खासगी डॉक्टरांना जाब विचारेल, दुसरा सरकारला. बांद्याच्या बाईला दोन्ही हवेत. रात्री थिएटर उघडं आहे याची खात्री असेल, तरच तिला कळांची वाट पाहायचं धाडस करता येईल.