रिपोर्टवर न लिहिलेली गोळी

रविवारी सांगलीला ताईच्या घरी जेवणं उरकली आणि दाजींनी मोबाईल माझ्यापुढे धरला. कसलंसं तपासणीचं पॅकेज घेतलं होतं. सकाळी एक मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी बारा पानी रिपोर्ट आला. नवव्या पानावर पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, २.६, शेजारी हिरवा ठिपका आणि ‘० ते ४’ ही मर्यादा. दाजी सत्तावन्न वर्षांचे. खूश होते. “प्रोस्टेटची काळजी मिटली म्हणायची!”

मी विचारलं, “दाजी, केसांची गोळी चालू आहे का अजून?”

“ती होय? आहे की. नऊ वर्षं झाली, रोज एक. पण ती काय औषधात धरतात?”

रक्त न्यायला आलेल्या मुलाने साखरेची गोळी घेता का, बीपीची घेता का, एवढं विचारलं होतं. दोन्हीला नाही म्हटल्यावर त्याने ‘औषधे: नाही’ अशी खूण केली. त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्या फॉर्मवर तिसरा चौकोनच नव्हता.

तेवढ्यात भाचा आतून आला. एकोणतीस वर्षांचा, कपाळ वडिलांसारखंच वर सरकू लागलेलं. “मावशी, मी ती गोळी बंद केली. ग्रुपवर आलंय, तिने प्रोस्टेटचा कॅन्सर होतो.”

एका घरात, एकाच पाकिटातली गोळी घेणारे बापलेक. मुलगा नको त्या गोष्टीला घाबरलेला आणि वडील नको तिथे निर्धास्त. त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही.

ही केसांची गोळी म्हणजे फिनास्टेराइड. तिच्या गोळ्या दोन असल्या तरी औषध एक आहे. पाच मिलिग्रॅमची गोळी वाढलेल्या प्रोस्टेटसाठी अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झाली, एक मिलिग्रॅमची टकलासाठी डिसेंबर १९९७ मध्ये. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी होतं, ते ही गोळी अडवते. पुढच्या केसांचं मूळ बारीक करणारं आणि प्रोस्टेट वाढवणारं, दोन्ही तेच डीएचटी. म्हणून तर काही जण स्वस्त पडते म्हणून पाचची गोळी आणून तिचे चार तुकडे करतात. (घरात कुणी गरोदर असेल तर हे तुकडे आणि भुगा तिच्या हाताला लागू देऊ नका. पोटातल्या मुलग्याच्या वाढीला त्याने बाधा येऊ शकते.)

भाच्याच्या ग्रुपवरची भीती अगदी हवेतून आलेली नाही. तिचं मूळ २००३ सालात आहे. अमेरिकेत पंचावन्न किंवा त्याहून जास्त वयाच्या १८,८८२ पुरुषांवर मोठी चाचणी झाली. अर्ध्यांना रोज पाच मिलिग्रॅम फिनास्टेराइड, अर्ध्यांना नुसतीच दिसायला तशी गोळी, सात वर्षं. निष्कर्ष हाती आले तेव्हा फिनास्टेराइड घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १८.४ टक्के आणि दुसऱ्या गटात २४.४ टक्के. म्हणजे जवळजवळ पाव हिश्शाने कमी. पण त्याच कागदावर दुसरा आकडाही होता. झपाट्याने पसरू शकणारा, वरच्या श्रेणीचा कॅन्सर गोळी घेणाऱ्यांत ६.४ टक्के, न घेणाऱ्यांत ५.१ टक्के. लोकांनी हा दुसरा आकडा लक्षात ठेवला. २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या माहितीपत्रकात तशी सूचना घालायला लावली आणि तीच आता निम्मी कापून मोबाईलवर फिरते आहे.

पुढचं मात्र फिरत नाही. फिनास्टेराइडने प्रोस्टेट सुमारे पाव भागाने आकसतं. ग्रंथी लहान झाली की बायोप्सीची सुई नेमकी गाठीत शिरण्याची शक्यता वाढते. म्हणजे गोळी घेणाऱ्यांत वाईट गाठी जास्त झाल्या नसतील, जास्त सापडल्या असतील. याचा निकाल वर्षं गेल्यावरच लागणार होता. २०१३ मध्ये त्याच पुरुषांचा हिशोब आला: पंधरा वर्षांनी हयात एका गटात ७८.० टक्के, दुसऱ्यात ७८.२. २०१९ मध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेलेल्यांची मोजदाद झाली: गोळी घेणाऱ्यांत ४२, न घेणाऱ्यांत ५६. एवढी तफावत योगायोगानेही पडू शकते, म्हणून ही गोळी जीव वाचवते असं मी म्हणणार नाही. पण गोळीमुळे वाईट गाठी वाढल्या असत्या तर इतक्या वर्षांनी मृत्यूंच्या आकड्यात त्या दिसल्याच असत्या.

त्याच २०१९ सालात दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि या दोन अभ्यासांची तुलना मला या सगळ्या प्रकरणाचं मर्म वाटते. तो अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांमधला. २००१ ते २०१५ या काळात प्रोस्टेटच्या कॅन्सरचं निदान झालेले ८०,८७५ पुरुष. त्यांतले काही जण आधीपासून फिनास्टेराइड किंवा त्याच जातीचं औषध घेत होते, तेही बहुतेक लघवीच्या त्रासासाठी. पीएसए मर्यादेबाहेर गेल्यापासून निदान व्हायला इतरांना १.४ वर्षं लागली, या औषधावर असलेल्यांना ३.६ वर्षं. निदान झालं तेव्हा कॅन्सर दूरवर पसरलेला होता असे इतरांत २.९ टक्के, यांच्यात ६.७ टक्के. बारा वर्षांत प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेलेले इतरांत ८ टक्के, यांच्यात १३ टक्के.

औषध एकच. पहिल्या अभ्यासात त्याने मृत्यू वाढले नाहीत, दुसऱ्यात ते घेणारे जास्त दगावले. मग मधे काय झालं?

मधे झाला एक गुणाकार. खरं तर तो झाला नाही, हेच घडलं. फिनास्टेराइड पीएसए जवळजवळ निम्म्यावर आणतं. कॅन्सर असो वा नसो, आकडा खाली येतो. २००३ च्या चाचणीतल्या लोकांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. गोळी घेणाऱ्याचा पीएसए ते आधी दोनने गुणत आणि चौथ्या वर्षापासून २.३ ने, आणि मगच बायोप्सी करायची की नाही ते ठरवत. शिवाय सात वर्षं संपल्यावर सगळ्यांनाच बायोप्सी करून घ्यायला सांगितलं होतं. दुसऱ्या ठिकाणी रोजचा दवाखाना होता, रोजची गर्दी होती. रिपोर्ट ३.१ आला, मर्यादा चारची, फाईल बंद. तो ३.१ खरा ६.२ होता, हे कुणी मांडून पाहिलं नाही.

मला जास्त लागतं ते पुढचं. या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत नोंदी संगणकावर असतात. रुग्णाला कोणती औषधं दिली आणि रक्ताचा रिपोर्ट काय आला, हे दोन्ही तिथे एकाच नावाखाली दिसतं. तिथे ही गत. आपल्याकडे केसांची गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून येते, नाहीतर अॅपवरून. ती शेड्यूल एच मधली आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाही, पण नऊ वर्षांपूर्वीची चिठ्ठी कोण मागतो? लिहून दिलेली असते त्वचेच्या डॉक्टरांनी, रक्त काढतो तिसराच, रिपोर्ट बघतात चौथेच. आणि या चौघांना जोडणारा माणूस म्हणतो, ती काय औषधात धरतात?

कुणी म्हणेल, ते सगळं पाच मिलिग्रॅमचं, दाजी एकच घेतात. तेही तपासून झालं आहे. २००७ मध्ये एक मिलिग्रॅमच्या गोळीवर अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळीस ते एकोणपन्नास वयाच्या पुरुषांत पीएसए साधारण ४० टक्क्यांनी उतरला, पन्नास ते साठमध्ये ५० टक्क्यांनी. केसांच्या मात्रेनेही प्रोस्टेटचा आकडा तेवढाच झाकला जातो. म्हणजे दाजींचा २.६ हा ५.२ म्हणून वाचायला हवा. हिरवा ठिपका तिथे शोभत नाही.

याचं एक उदाहरण साऱ्या जगाच्या डोळ्यांसमोर आहे. डिसेंबर २०१५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या डॉक्टरांनी जाहीर केलेल्या पत्रात पीएसए ०.१५ असल्याचं अभिमानाने लिहिलं होतं. औषधं दोन सांगितली होती, अॅस्पिरिन आणि स्टॅटिन. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच डॉक्टरांनी ट्रम्प केसांसाठी फिनास्टेराइड घेतात हेही सांगितलं, आणि इतक्या कमी पीएसएचा उलगडा झाला. जानेवारी २०१८ मध्ये व्हाइट हाउसच्या डॉक्टरांनी तपासणीचा अहवाल दिला. त्यात पीएसए ०.१२ होता आणि औषधांच्या यादीत फिनास्टेराइड १ मिलिग्रॅमही होतं. आकडा आणि गोळी एकाच कागदावर. त्यांच्या राजकारणाशी मला इथे कर्तव्य नाही. मला तो २०१८ चा कागद हवा आहे, प्रत्येक माणसासाठी.

म्हणजे प्रश्न शेवटी औषधांच्या यादीचा आहे. सरकारी रुग्णालयाच्या औषधखिडकीवर मी सतरा वर्षं काढली. कोणती औषधं चालू आहेत असं विचारलं की माणूस आजाराची औषधं सांगतो. चूर्ण सांगत नाही, डोळ्यांतले थेंब सांगत नाही, केसांचं तर नाहीच, कारण टक्कल हा त्याच्या लेखी आजार नसतो आणि त्याची थोडी लाजही असते. आता तर फिनास्टेराइड घातलेली टाळूवर लावायची द्रावणंही मिळतात. ती तर तेलाच्या बाटलीशेजारी ठेवलेली असतात. म्हणून प्रश्न बदला, असं मी पुन्हा पुन्हा लिहिते आहे. ‘औषधं कोणती’ नको, ‘रोज अंगात किंवा अंगावर काय काय जातं’ असं विचारा. लॅबच्या फॉर्मवर पीएसएच्या शेजारी केसांच्या गोळीचा एक चौकोन छापायला किती शाई लागते?

टकलाचाच कॅन्सरशी संबंध आहे का, हेही त्या रविवारी ताईने विचारलं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, पंचेचाळिसाव्या वर्षी पुढून आणि टाळूवर मध्यम टक्कल असलेल्यांत आक्रमक कॅन्सरचा धोका ३९ टक्क्यांनी जास्त दिसला. टकलाच्या बाकी प्रकारांत काहीच दिसलं नाही. त्याआधी २०१० मध्ये सिअॅटलकडच्या संशोधकांना नेमकं उलट दिसलं होतं: तिशीत केस गेलेल्यांत धोका कमी. आरशात बघून कुणी प्रोस्टेटचं भविष्य सांगू नये.

भाच्याला मी गोळी पुन्हा सुरू कर म्हटलं नाही, करू नको असंही म्हटलं नाही. बंद केली तर वाचलेले केस वर्षभरात जातील, एवढं सांगितलं. आणि तिची भीती धरायचीच असेल तर कॅन्सरची नको. मन खचणं, झोप उडणं, शरीरसंबंधाची इच्छा जाणं, याकडे लक्ष ठेव. मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध यंत्रणेने आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं आहे. ते त्याच्या ग्रुपवर आलेलं नव्हतं.

दाजींचं काम जास्त तातडीचं. एक नियम या गोळीच्या माहितीपत्रकातच असतो: गोळी चालू असताना पीएसएचा जो सगळ्यात खालचा आकडा असेल, त्यावरून तो पुन्हा चढू लागला तर ‘नॉर्मल’ मर्यादेत असला तरी चौकशी करायची. म्हणून ताईला कपाट उपसायला लावलं. २०१९ चा रिपोर्ट लग्नाच्या अल्बमखाली मिळाला. पीएसए १.१.

१.१ वरून २.६. कॅन्सरच असेल असं नाही. जंतुसंसर्गानेही आकडा चढतो, मधे गोळ्या चुकल्या असतील तरीही चढतो. पण थांबायचं नाही. शुक्रवारी ते मूत्रविकारतज्ज्ञांकडे जाणार आहेत. चिठ्ठीवर पहिली ओळ मीच लिहून दिली आहे: फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम, रोज, २०१६ पासून. २०२२ मध्येही एकदा रक्त दिलं होतं असं दाजींना आठवतं. तो कागद ताई अजून शोधते आहे.