प्रश्नसंच सोडवा, पण उत्तराला कारण विचारा

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मी, इतिहासाचा शिक्षक या नात्याने, एखादा ऐतिहासिक विषय घेणार होतो. परंतु वसतिगृहाच्या अभ्यासिकेत रात्री जे दृश्य दिसते, त्याविषयी लिहिणे अधिक निकडीचे वाटले. आपली अकरावी-बारावीची मुले-मुली ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी जाडजूड प्रश्नसंच घेऊन बसतात. आज किती प्रश्न सोडविले, याची चढाओढ चालते. पालकही फोनवर हाच आकडा विचारतात.

परीक्षेचे स्वरूप पाहता सराव अपरिहार्य आहे. १८० मिनिटांत १८० प्रश्न. त्यांपैकी ९० जीवशास्त्राचे, तर भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५. बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. हात आणि नजर सरावली नसेल, तर ज्ञान असूनही वेळ पुरत नाही. म्हणून प्रश्नसंचाला माझा विरोध नाही. त्याने पाठ्यपुस्तकाची जागा घ्यावी, याला आहे.

आमच्या एका विद्यार्थ्याने काही महिन्यांत दोन जाड संच संपविले. तरी सराव परीक्षेतील त्याचे गुण जेथल्या तेथेच राहिले. एकदा त्याला विचारले, ‘झुरळाचे उत्सर्जन कशाने होते?’ ‘माल्पिघी नलिका,’ उत्तर तत्काळ आले. ‘मग त्याच प्रश्नातला नेफ्रिडिया हा पर्याय चूक का?’ मुलगा गप्प झाला. नेफ्रिडिया गांडुळात असतात, हे पुस्तकात होते. पण पुस्तक त्याने केव्हाच मिटून ठेवले होते. ‘खालीलपैकी अयोग्य विधान कोणते?’ असे विचारले की तो का अडखळत होता, ते त्या दिवशी मला कळले.

भगवान बुद्धांनी कालामांना केलेला उपदेश आपण दर पौर्णिमेला ऐकतो. परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले, एवढ्यावर काही स्वीकारू नये, हा त्याचा गाभा. मग संचाच्या शेवटच्या पानावरील उत्तरसूची तरी आपण डोळे मिटून का स्वीकारावी? एक पर्याय बरोबर का आणि उरलेले तीन चूक का, हे सांगता आले तरच तो प्रश्न ‘सोडविला’ म्हणावा. या हिशेबाने रोजचे चाळीस प्रश्नही पुष्कळ झाले.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला अकरावीत विज्ञान एकदम इंग्रजीतून भेटते. अर्थ उमगत नाही तेथे तो वाक्याचा आकार पाठ करतो, आणि प्रश्नसंच या सवयीला खतपाणी घालतो. परीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते. तरी निवड कोणतीही असो, उत्तरामागील कारण मात्र मुलाने आपल्या भाषेत समजावून सांगावे, असा आग्रह आपण धरला पाहिजे.

यासाठी माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक विद्यार्थ्याने चुकांची वही ठेवावी: प्रश्न, आपण दिलेले उत्तर, चुकीचे कारण आणि पाठ्यपुस्तकातील पान. दर रविवारी प्रथम ती वही उघडावी, मग नवा संच. दुसरी, पालकांनी कर्ज काढून संचांचे ढीग घेऊ नयेत. एनसीईआरटीची पुस्तके आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका हाच पाया आहे, आणि दोन्ही संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. तिसरी सूचना माजी विद्यार्थ्यांना. आपण ग्रंथालयाला पुस्तके देता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आता महिन्यातून एक रविवार द्या. आपल्यापैकी जे डॉक्टर, औषधनिर्माते, परिचारिका, विज्ञानशिक्षक आहेत, त्यांनी अभ्यासिकेत बसून मुलांना फक्त ‘का?’ एवढेच विचारावे.

१९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी पुढच्याच वर्षी सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. आपली अभ्यासिका त्याच वाटेवरची आहे. येथून जे मूल डॉक्टर होईल, त्याच्यासमोर उद्या रुग्ण बसलेला असेल आणि त्या दुखण्याला चार पर्याय छापलेले नसतील. त्या दिवसाची तयारी आज रात्रीच्या अभ्यासातच व्हावयास हवी.

जय भीम! नमो बुद्धाय!