काका, झोप येतीय का?

जगात जर्मनी, भारतात परभणी! हिंजवडीत कुणालाही गाव सांगा, हा डायलॉग ठरलेला. आपणही कॉलर ताठ करून घेतो. पण आमच्या या 'जर्मनी'त एखाद्याला महिनाभर झोप लागली नाही, कशातच मन रमेनासं झालं, तर तो जातो कुठे?

बऱ्याचदा कुठेच नाही. फार तर गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावायला, नाहीतर देवाला. बरं, सोय नाही म्हणावं तर तसंही नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ मध्ये राज्य सरकारने १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात परभणी होतं. आशाताईंनी घरोघरी विचारपूस करायची, गरज असेल त्याला जिल्हा रुग्णालयात मानसोपचार आणि समुपदेशन. २०२२ पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा फुकट नंबरही आहे.

मग अडतं कुठे? परभणीला जायचं म्हणजे एक दिवस मोडतो, मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं. हे खरंच. पण त्याहून मोठी भीती एकच : तिथे कुणी पाहिलं तर? घरात लग्नाची पोरगी असेल तर विषयच संपला. त्यात डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. सलाईनची सवय झालेला माणूस आठव्या दिवशी गोळ्या बंद करतो.

जिंतूर तालुक्यातले माझे काका घ्या. सोयाबीन पाण्यात गेलं तेव्हापासून गप्प. रविवारच्या फोनवर एकच, ''बाकी सगळं ठीक, झोप तेवढी येईना गेलीय.'' मी सायकिॲट्रिस्टचं नाव काढलं, तर म्हणाले, ''मी काय येडा झालोय का?'' फोन कट!

त्यांना शेवटी हलवलं ते गल्लीतल्या आशाताईने. शेजारी बाळाच्या लसीची तारीख सांगायला आली होती. ओट्यावर टेकली आणि विचारलं, ''काका, रात्रीला झोप येतीय का? जेवण जातंय का?'' ना डिप्रेशन, ना मानसिक. काका तासभर बोलले म्हणे! पुढच्या आठवड्यात तिच्याचसोबत परभणी. गावाला सांगितलं, बीपी दाखवायला चाललोय. अजूनही तेच सांगतात. सांगू देत की. गोळ्यांचा तिसरा महिना चालू आहे.

हा काही आमच्याच घरचा योगायोग नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच माणसांना तयार करून मदत दारापर्यंत नेली. डिप्रेशन असलेल्यांपैकी आधी जेमतेम ४.३ टक्के लोक उपचारापर्यंत पोचायचे, दीड वर्षात ते प्रमाण २७.२ टक्के झालं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री'त छापून आलंय हे. दारात आलेल्या ओळखीच्या माणसाला 'येडा झालोय का' म्हणून फोन कट करता येत नाही, हा आपला साधा फंडा!

तेव्हा पुढच्या रविवारी घरी फोन लावाल तेव्हा पाऊसपाणी झाल्यावर आपल्या गल्लीची आशाताई कोण, तेही विचारून ठेवा. लसीकरण, बाळंतपणं, टीबीचे सर्व्हे हे सगळं तिच्याच डोक्यावर. आणि ती सरकारी नोकरदार नाही बरं का. थोडं मानधन, बाकी कामागणिक मोबदला. काकांच्या ओट्यावरचा तो एक तास कुठल्या रकान्यात भरायचा, कुणास ठाऊक.