खर्च जमेइतकाच : अमेरिकेतील राज्यांची मागणी आणि शेतकरी

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्याला घरातच शिकवलं जातं. हीच शिकवण राज्यघटनेत लिहून केंद्र सरकारचे हात बांधावेत, असा प्रयत्न अमेरिकेतील अनेक राज्ये १९७० च्या दशकापासून करीत आहेत. वर्षाचा खर्च वर्षाच्या जमेत भागवा, अशी त्यांची मागणी आहे.

मागणीला कारणही तसंच आहे. १९७० नंतर १९९८ ते २००१ ही चार वर्षे सोडली, तर तिथल्या केंद्राची तोंडमिळवणी कधी झालीच नाही. २०२४ अखेर कर्ज ३६ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलं. घटनादुरुस्तीचा हा ठराव १९९५ आणि १९९७ साली सिनेटमध्ये अवघ्या एका मताने हुकला.

राज्यांना दुसरी वाट आहे. तिथल्या घटनेच्या पाचव्या कलमानुसार ५० पैकी ३४ राज्यांनी मागणी केली, की खास परिषद बोलवावी लागते. तिची दुरुस्ती पुढे ३८ राज्यांनी मान्य करावी लागते. १९८३ पर्यंत ३२ राज्ये झाली होती. पण परिषद एकदा बसली, की घटनेत आणखी कुठे कुठे हात घालील, या धास्तीने पुढे अनेकांनी मागणी मागे घेतली. २०१० नंतर काहींनी ती पुन्हा केली. अशी परिषद मात्र आजवर एकदाही भरलेली नाही.

आता हे शेतकऱ्याच्या नजरेनं पाहा. मागणी करणाऱ्यांत आयोवा, नेब्रास्का, कॅन्सस ही शेतीची राज्येही आहेत. २०१८ साली चीनने अमेरिकेच्या सोयाबीनवर जादा कर लावला आणि भाव कोसळले. तेव्हा केंद्राने दोन वर्षांत मिळून २८ अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली. तिजोरीत तर तूटच होती. मग हा पैसा उसनवारीशिवाय आला कुठून?

राज्ये म्हणतात, आम्ही जमाखर्च जुळवतो, केंद्राला काय धाड भरली? पण त्यांचा नियम मुख्यतः रोजच्या खर्चापुरता असतो. रस्ते-इमारतींसाठी तीही रोखे काढून कर्ज घेतातच. विहिरीचं कर्ज वेगळं आणि लग्नाच्या मांडवाचं कर्ज वेगळं, हे तुम्हाला सांगायला नको.

१९९५ च्या मसुद्यात युद्धासाठी सूट होती. एरवी तूट करायची तर दोन्ही सभागृहांत तीन पंचमांश मतं लागणार होती. म्हणजे दुष्काळ पडला किंवा भाव पडले, तर आधी मतांची जुळवाजुळव! आपल्याकडे २००३ चा वित्तीय जबाबदारीचा कायदा आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्यात तुटीची मर्यादा ओलांडायला जी कारणं चालतात, त्यांत राष्ट्रीय आपत्ती आणि शेतीची पडझड ही नावं घालून लिहिलेली आहेत.

शिस्त हवीच. पण काटकसरीचा कुठलाही नियम कानावर आला, तर तुम्ही एवढंच विचारा : वाईट वर्षाची सोय यात कुठे लिहिली आहे?