एमडी आणि डिप्रेशनची गोळी: मेंदूतला पंप तोच, काम उलटं

नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत एमडीचा कारखाना पकडला. म्हणजे हा विषय वारणानगरच्या पोरांसाठी लांबचा नाही, आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातला आहे.

मेंदूच्या पेशी डोपामिन, सेरोटोनिन सोडतात. ट्रान्सपोर्टर नावाचे पंप ते परत आत ओढतात. फ्लुओक्सेटिनसारखी गोळी सेरोटोनिनचा पंप फक्त अडवते. गुण यायला काही आठवडे लागतात, नशा चढत नाही. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, दोन्ही पंप उलटे फिरवतं. साठा भसाभस बाहेर येतो: आधी झिंग, मग मरगळ.

दोन्ही एकत्र घेतलं तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांपासून लपवू नका, गोळी मनानेच बंद करू नका. टेली-मानस: १४४१६, मोफत, मराठीतही.