उत्तरसूची कोणी लिहावी?

संगणकाची आज्ञावली लिहिणारे तिची परीक्षाही लिहून ठेवतात, हे आमच्या अनेक वाचकांस चिरंजीवांकडून वा कन्यांकडून ठाऊक असेल. पावतीवर ‘एकूण ५०० रुपये’ उमटले पाहिजे, अशी अपेक्षित ओळ आधी नोंदवायची. निराळे उमटले की परीक्षा नापास. पुढे ‘रुपये’ऐवजी ‘रु.’ छापायचे ठरले, तर अशा शेकडो ओळी बदलाव्या लागतात. हे कंटाळवाणे काम आता यंत्रच करते. ‘जेस्ट’ या साधनात ही सोय २०१६ साली आली. एक आज्ञा देताच न जुळणाऱ्या सर्व अपेक्षा पुसून तेथे नवे उत्तर लिहिले जाते.

सोय मोठी खरी. परंतु आम्हां मास्तरांच्या भाषेत सांगायचे, तर विद्यार्थ्याने लिहिले तेच उत्तरसूचीत उतरवले! त्या गर्दीत एखाद्या पावतीवर ५०० चे ५० झाले असतील, तर ती चूकच प्रमाण ठरते. आणि उद्या कोणी ती सुधारली, तर नापास होतो तो सुधारणारा. ‘रस्ट’ भाषेसाठीचे ‘इन्स्टा’ हे साधन जुनी व नवी ओळ दाखवून एकेकीस मान्यता विचारू शकते. तेथेही न वाचता ‘होय’ म्हणत जाणारे असणारच. निकालाच्या आदल्या रात्री गुणपत्रके तपासणारे आम्ही पाहिले आहेत.